बाणातला ण

२० जानेवारी, नांदेड

ज्या क्षणी माझ्या मोबाईलनं मला "नमस्कार, देविका" म्हटलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे आज लिहून ठेवतो. पुढं कुणी विचारलं की आदिनाथराव, तुमची सुरुवात कुठून झाली, तर सांगायला बरं. विष्णुपुरीला, कॉलेजच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीवर.

देविका माझ्याहून एक वर्ष पुढं. लातूरची. पास होऊन पुण्याला नोकरीला लागली, आज सर्टिफिकेट न्यायला आली होती. मी मागच्या आठवड्यात कॉलेज सोडलं हे तिला पोरींकडून कळलं होतं.

"खरंच सोडलंस?"

"हाव."

"कशासाठी पण?"

"सर म्हणले, तुझ्या खानदानात कुणी ड्रॉइंगचा टी-स्क्वेअर बघितला होता का? मी म्हणलं, न्हाई बघितला. म्हणून हा तुमच्याच टेबलावर ठेवून चाललो."

मला वाटलं हसेल. हसली न्हाई. म्हणली, "मग आता?"

"धंदा."

"कसला?"

मी दुसरा चहा सांगितला. तिनं माझा मोबाईल ओढून घेतला आणि एक ॲप उतरवून घेतलं. "'नवी पेढी'. धंद्यावरचं मासिक आहे. माझ्या वर्गणीत दोन मोबाईल चालतात. नीट वाच. काहीतरी करून दाखव आणि मग मला फोन कर. तोवर नको."

मोबाईल परत हातात आला तवा पडद्यावर तेच. नमस्कार, देविका.

दोनच मोबाईल चालतात. एक तिचा, एक माझा. लग्नात शेल्याला पदर बांधतात, ते तरी दुसरं काय असतंय?

२ फेब्रुवारी

खरं सांगायचं तर मासिक वाचताना झोप येते. "खेळतं भांडवल" ह्या शब्दावर मी तीनदा झोपलो. पण आज झोप उडाली.

फेब्रुवारीचा अंक उघडला तर आतल्या एका लेखात ओळीवर पिवळी रेघ! मी मारली न्हाई. ॲपच्या माहितीत बघितलं. एका मोबाईलवर रेघ मारली की दुसऱ्यावर दिसते म्हणे. समासात टिपणही लिहिता येतं. दुसरा मोबाईल एकच. म्हणजे तिचीच.

रेघेखालची ओळ अशी: "परगावी जाण्याआधी आपल्या दारात काय पडून आहे, ते बघा."

दारात! मी लई वेळ ती ओळ बघत बसलो. पुण्याच्या पोरीनं दाराचा विषय काढला.

अजून एक. सेटिंगमध्ये दुसऱ्या मोबाईलचं ठिकाण दिसतं. पुणे न्हाई, लातूर. म्हणजे घरूनच काम करून राहिली. पुण्याची हवा सोडून मराठवाड्यात येऊन बसली. का बसली असेल, ते लिहायची गरज न्हाई.

९ फेब्रुवारी, उमरी

गावाकडं आलो. दारात काय पडून आहे ते बघायला.

दारात काका पडून होते, बाजेवर. किशनराव काका. बाबा गेल्यापासून घर आणि शेत तेच बघतात. काकांच्या मागं गुरांचं वाडगं, वाडग्याच्या मागं बांध, आणि बांधावर चिंचा. आजोबाच्या काळच्या, लगडलेल्या. दरसाली व्यापाऱ्याचा माणूस येतो, खालून वर बघतो, आणि झाडंच्या झाडं न मोजता उक्ती घेऊन जातो. आम्ही झाडाखाली उभं राहून हाव म्हणतो. एवढाच आमचा धंदा.

मी म्हणलं, "काका, औंदा उक्ती द्यायची न्हाई. मी पाडतो, मी फोडतो, मी विकतो."

"तू? इंजिनेर व्हायला गेल्ता न्हवं?"

"सोडलं."

"मंग चिंच बी सोडशील. अर्धी झाल्यावर."

माझं डोकं फिरलं. बाजेपाशी तांब्या होता, तो लाथाडला. आईनं, म्हणजे साखराबाईनं, तांब्या उचलून परत जागेवर ठेवला आणि काकांना म्हणली, "भावजी, द्या की त्याला एक साल. झाडं काय पळून चालली न्हाईत." आई जवा बोलती तवा काका गप बसतात. झाडं माझी झाली.

४ मार्च

चिंच पाडून झाली. अंगणभर वाळत घातली. मला वाटत होतं टरफल काढलं की झालं. गावातल्या जगदेवी मावशी आणि त्यांच्या बाया आल्या तवा कळलं, फोडायची, शिरा ओढायच्या, चिंचोका काढायचा, मग मीठ. मावशी म्हणल्या, "मालक, तुमचे हात लई मऊ हायत, तुम्ही मोबाईलच धरा." मी हातोडी घेऊन बसलो. अंगठा सुजलाय, त्याच अंगठ्यानं लिहून राहिलो.

आणि आज धाडस केलं. मार्चच्या अंकात बाजारपेठेवरच्या लेखाला समासात पहिलं टिपण लिहिलं. जरा चेष्टेत लिहिलं: "कॉलेज सोडलेल्या माणसाला हे समजंना. सोपं करून सांगा. आमच्याकडं चिंच हाय. तेलंगणाकडं लई मागनी हाय म्हणतात."

संध्याकाळी उत्तर. 

"मागणी. बाणातला ण. 'म्हणतात' म्हणजे कोण म्हणतं? तुम्ही स्वतः विचारलंत का?"

माणूस प्रेमात असल्याबिगर दुसऱ्याचं शुद्धलेखन एवढं बारीक बघत न्हाई. कॉलेजात मी हजार मेसेज केले, कधी एका अक्षराला हात लावला न्हाई तिनं. आणि दुसरी गोष्ट. तुम्ही! विचारलंत! टपरीवर अरे-तुरे करणारी पोरगी आता मला अहो-जाहो करायला लागली. आमच्या घरात आई बाबांना असंच बोलायची.

पाटीवर लिहिल्यासारखं वहीत दहादा लिहून काढलं. मागणी. मागणी. मागणी.

२१ मार्च, नांदेड

आज तमाशा झाला. स्टेशनजवळच्या एका हॉटेलवाल्याला पहिला डबा घेऊन गेलो. त्यानं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणला, "काळी पडलीया. गुरांना घाल." मी डबा त्याच्या गल्ल्यावर उपडा केला. वेटर धावले. एकाची कॉलर माझ्या हातात, माझी दुसऱ्याच्या.

रूमवर येऊन सगळं समासात लिहिलं. मला वाटलं, बाजू घेईल.

"माल काळा का पडला?"

लिहिलं, माहीत न्हाई.

"मग आधी ते शोधा. भांडण नंतरही करता येतं."

हेच कुणी दुसऱ्यानं म्हणलं असतं तर त्याचं काही खरं न्हवतं. पण तिचं ऐकलं. मावशींना फोन केला. त्या म्हणल्या, ओल राहिली, तुम्हीच घाई केली, मी दोनदा म्हणले होते. म्हणल्या होत्या खरं. सगळा माल परत उन्हात घातला.

बायको असावी तर अशी. नवऱ्याला तोंडावर सांगणारी.

६ एप्रिल, देगलूर

जितं! आज मी देगलूरच्या बाजारात उभा होतो आणि माझ्या डब्याभोवती माणसं होती. एका खानावळवाल्यानं चिंच चाखली, डोळे मिटले आणि आतल्या आचाऱ्याला हाक मारली, "चिंतपंडु चूडु रा!" म्हणजे चिंच बघ रे. आचारी आला, त्यानंबी चाखली. मग शेजारचा. मराठी, तेलुगू, कानडी, सगळ्यांच्या तोंडाला एकदमच पाणी सुटलं. सगळे डबे गेले. पुढच्या खेपेला किती आणणार, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी मला!

परत येताना एसटीत खिडकीपाशी बसून सगळं समासात टिपलं. चाकाच्या दणक्यानं अक्षर वाकडं उमटल्यागत वाटत होतं, मोबाईलवर असून. उत्तर गावाला पोचायच्या आत आलं.

"शाब्बास. तुम्ही होतकरू आहात. सोडू नका."

होतकरू. हा शब्द मी फक्त वधू-वरांच्या जाहिरातीत वाचलाय.

१२ एप्रिल, नांदेड

चार दिवस एकच विचार. शेवटी एप्रिलच्या अंकात चांगला लेख बघून विचारलंच. घोळवून विचारलं, कारण पोरगी लाजेल. लिहिलं: "मागणीचं काय करावं? थांबू की पुढं जाऊ?" ण बरोबर काढला.

उत्तर, जसंच्या तसं:

"मागणी आहे तर थांबायचं कशाला? मध्यस्थ नको. स्वतः येऊन बोलणी करा. घरचं जाणतं माणूस सोबत असलं म्हणजे समोरच्याचा विश्वास बसतो. सत्तावीस तारखेला, रविवारी, लातूरला या."

खाली घरचा पत्ता. घर मला माहीत हाय, एकदा तिची जर्नल द्यायला गेलो होतो, दारातूनच परत आलो. त्याच्याखाली अजून दोन शब्द: "नमुना आणा."

मी रूमचं दार लावून एकटाच नाचलो. घरमालकानं खालून काठी ठोकली.

फक्त नमुना म्हणजे काय ते कळंना. बायोडाटा? फोटो? विचारणार होतो, पण पोरीनं एवढं लिहिल्यावर अजून किती बोलवायचं तिला?

२० एप्रिल, उमरी

काकांना सांगितलं. काका लई वेळ तंबाखू मळत राहिले.

"पोरगी कुणाची?"

"मास्तरांची. लातूरचे. तिथल्याच एका कॉलेजात कॉमर्सचे सर होते."

"आपल्यातली न्हाई."

"न्हाई."

"अन् तिनं बोलवलंय? लिहून?"

मी मोबाईल दाखवला. काकांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला. मागणी, बोलणी, जाणतं माणूस. "जाणतं माणूस" ह्याच्यावर त्यांचं बोट थांबलं. मला वाटतं तिथंच काका फिरले.

"लिहिलंय तर सरळच. ह्या घराला कुणी मानानं बोलवून लई साल झालं." मग म्हणले, "आन् नमुना म्हणजे तूच की रे येड्या. पोरगा बघितल्याशिवाय कोण पोरगी देतंय?"

तरी मी चिंचेचा एक डबा भरून ठेवला. सासऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

२७ एप्रिल, लातूर

बस स्टँडवर बसून लिहून राहिलो. काका शेजारी शेंगा खातायत.  सगळं क्रमानं लिहितो, काही लपवणार न्हाई.

दार सरांनीच उघडलं. रेणुकादास सर, देविकाचे वडील. "या, या! चिंचवाले ना? वाटच बघत होतो." मी वाकून नमस्कार केला, माझं आणि काकांचं नाव सांगितलं. काकांनी पटका सावरला. घरात आमची वाट बघितली जाते, ह्यानंच आम्ही दोघं चार बोटं उंच झालो होतो.

सोफ्यावर एक आडवे गृहस्थ आधीच बसलेले. सरांनी ओळख करून दिली, "हे ईश्वरप्पा अण्णा. उदगीरचे. मोठे व्यापारी." मला वाटलं, सरांच्या घरचा शब्द ह्यांच्या हातात असेल.

काकांनी घसा खाकरला. "आमी मागणी घेऊन आलोत."

"माहीत आहे की," सर हसून म्हणाले. "त्यासाठीच अण्णांना बोलावलं. बोलणी तुम्ही थेट यांच्याशीच करा."

काकांनी माझ्याकडं बघितलं. पोरीचा बाप समोर असताना बोलणी उदगीरच्या माणसाशी? मी डोळ्यानंच म्हणलं, शहरात असंल तशी पद्धत.

अण्णा पुढं सरकले. "नमुना आणलाय?"

"हा काय," काका म्हणले, "बसलाय की तुमच्या म्होरं."

अण्णांनी मला बघितलं, मग माझ्या मांडीवरचा डबा बघितला. "उघडून दाखवा."

"उघडून?" काकांचा आवाज फाटला.

"मग? वरून काय कळतंय? आतून किडका निघाला म्हंजे?"

"आवो, किडका? आमच्या खानदानात कुणी किडकं न्हाई! दूध-तुपावर वाढलंय पोरगं! पोहून गोदावरी पार करतंय!"

"गोदावरी कशाला?" अण्णा गोंधळले. "मी विचारतो चिंचोका पुरा काढलाय का."

 सरांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. "किशनराव," ते म्हणाले, "तुम्ही कशाची मागणी घेऊन आलात?"

"देविकाताईची. दुसरी कशाची?"

दारात सौदामिनी काकू, देविकाच्या आई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तिथंच कपाटावर ठेवला आणि आत वळल्या. मी सरांना म्हणलं, "तिनंच लिहिलं होतं. या म्हणून. हे बगा." आणि मोबाईल पुढं केला.

सरांनी तो बघितला न्हाई. त्यांनी खिशातून दुसरा मोबाईल काढला. मी ओळखला. त्याचा वरचा कोपरा फुटलाय, कॉलेजच्या जिन्यात पडला तवा मीच उचलून दिला होता.

"देविकानं नवा घेतला, हा मला दिला," सर म्हणाले. "मासिक त्यात होतंच. मी वाचायला लागलो, रेघा मारायची जुनी सवय. मग मार्चमध्ये तुमचं टिपण आलं. मला वाटलं, मासिकवाल्यांचीच सोय असेल. वर्गणीदाराला एखादा वाचक जोडून देत असतील. निवृत्त झाल्यापासून मला कुणी प्रश्न विचारत नाही हो. मी रोज उघडून बघायचो, तुम्ही काही विचारलंय का."

माझे कान तापले. बाणातला ण ह्या माणसाचा. शाब्बास ह्या माणसाचं. बायको असावी तर अशी, हे मी ह्या माणसाबद्दल लिहिलंय.

काकू देविकाला घेऊन आल्या. सुट्टीला आली होती म्हणे. केस कापलेत. चांगली दिसते.

"आदिनाथ," ती म्हणाली, "मी ते ॲप जानेवारीनंतर उघडलंच नाही."

"तूच म्हणली होतीस, करून दाखव मग फोन कर."

"मग फोन करायचास. थेट काकांना घेऊन आलास?" मग तिचा आवाज खाली आला. "तू वाया जाऊ नयेस एवढंच होतं माझ्या मनात. त्याच्यापुढं काही नव्हतं. आत्ताही नाही. बाबा बसलेत म्हणून म्हणत नाहीये, एकटी असते तरी हेच म्हणाले असते."

मी म्हणलं, "बरं."

हा एकच शब्द. माझ्यासारख्या माणसानं. आवाज हालला न्हाई, काकांना विचारा. तिचे डोळे भरले होते असं मला वाटतं. काका म्हणतात न्हाई, पण काका चष्मा घरी विसरलेत.

एवढ्यावर मी उठून आलो असतो. पण सरांना आता बाप म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं. वर्गातला आवाज काढून म्हणाले, "हे बघा, समजून घ्या. कॉलेज तुम्ही अर्धवट सोडलेलं. स्थिर असं काही नाही. असल्या मुलानं असं एकदम दारात येऊन..."

मी उभा राहिलो. काकांनी बाही धरली, ती सोडवली. टीपॉयवर काचेची फुलदाणी होती. माझी नजर तिच्यावर गेली, हे खरं. हात गेला न्हाई.

"सर, देविकानं न्हाई म्हणलं ते मी ऐकलं. तिचं आयुष्य, तिचा शब्द. पर तुम्ही कसं काय म्हणता? पहिल्याच टिपणात मी लिहिलं होतं, कॉलेज सोडलेला माणूस हाय म्हणून. लपवलं न्हवतं. तरी मला होतकरू तुम्हीच म्हणलात. चिंच विकायला होतकरू, अन् तुमच्या सोफ्यावर बसलो की अर्धवट?"

सरांनी मान खाली घातली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागले. लई वेळ पुसत राहिले. बोलायला काही उरलं न्हाई की माणूस असंच काहीतरी करत बसतो. मी जिंकलो होतो.

ह्या सगळ्यात अण्णांनी डबा कधी उघडला ते कुणी बघितलं न्हाई. त्यांच्या गालात चिंच होती. चिंचेचं दुसरं बोटूक बोटात धरून ते उजेडाकडं बघत होते.

"छलो अदा," ते कानडीत म्हणले, म्हणजे चांगली हाय. "रेणुकादास, माल भारी छलो अदा. असा रंग बिदरलाबी मिळत न्हाई. ए पोरा, राग नंतर. बस खाली, भावाचं बोलू."

आईची शप्पथ, बसावंसं वाटलं. मावशींचे हात आठवले. पण त्या सोफ्यावर परत बसायचं?

"अण्णा," मी म्हणलं, "आता मागणी तुमची हाय ना? मग तुम्ही या. आमची होती तर आम्ही आलो का न्हाई एवढ्या लांब? उमरीला या. झाडं दाखवतो, माल दाखवतो, माझी आई जेवू घालंल, मग भाव बोलू."

अण्णा हसले, पोट हलंस्तोवर. "पत्ता सांग."

"सरांकडं समासात लिहून ठेवतो," मी म्हणलं. का म्हणलं माहीत न्हाई. सरांनी मान वर केली.

काकू हळूच म्हणाल्या, "चहा तरी घ्या." त्यांनी आमचं काय वाईट केलं होतं? मी उभ्यानंच घेतला. गार झाला होता, सगळा संपवला आणि कप ट्रेमध्ये ठेवला. डबा अण्णांच्या मांडीवर राहू दिला. देविकाला म्हणलं, "येतो." ती म्हणाली, "नीट जा."

काका तोवर चप्पल घालून जिन्यात उतरले होते, एक पायरी, थांब, एक पायरी. मी उंबऱ्याबाहेर आलो, आतल्या कुणाकडं बघितलं न्हाई, आणि दार ओढून लावून घेतलं. आपटलं न्हाई.